हात वाकवायचा नाही

"आजचा शेवटचा. यापुढे मी येणार नाही," सरांनी आपल्या मुलीला सांगितलं. शाळेला सुट्टी जाहीर करावी, तशा आवाजात.

मुलगी बाहेरच्या बाकावर जाऊन रडली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास सरांच्या हातात दोन सुया आणि उशाशी रक्त धुणारं मशीन. सात महिने झाले होते. हे थांबवलं की पंधरा-वीस दिवसांत काय होतं, ते डॉक्टरांनी दोघांनाही नीट समजावलं होतं. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या सरांना ते मान्य होतं, एवढीच अडचण.

दवाखान्याने आपल्या परीने उपाय केला. समुपदेशक बाई आल्या. "सकारात्मक राहा, सर," म्हणाल्या आणि उगवत्या सूर्याचं चित्र असलेलं पत्रक ठेवून लगबगीने गेल्या. त्यांना जेवणाच्या सुट्टीआधी आणखी अकरा जणांना सकारात्मक करायचं होतं. सरांनी पत्रकातल्या शुद्धलेखनाच्या सहा चुका काढल्या. सात महिन्यांत त्यांच्या वाट्याला आलेला आनंद तेवढाच.

शेजारच्या पलंगावर टेलरबाई होत्या. मध्ये नुसता पडदा, त्यामुळे सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी पडदा सरकवला.

"सर, आता कुठलं मशीन आधी बोंबलेल? मी म्हणते, चार नंबर."

"बाई, हा दवाखाना आहे. बालवाडी नव्हे."

तेवढ्यात सरांचंच मशीन टी-टी करायला लागलं. सिस्टर धावत आली, बटण दाबून गेली.

"घ्या! एक गुण तुम्हाला."

"मी खेळतच नाहीये."

"न खेळताच पुढे गेलात. हुशार माणसांचं असंच असतं."

सरांनी तोंड फिरवलं. पाच मिनिटांनी छताकडे बघत ते पुटपुटले, "सहा नंबर." आणि मेलं सहा नंबरच वाजलं.

मग काय! वर्गात खेळणाऱ्या पोरांना पस्तीस वर्षं बाकावर उभं करणाऱ्या माणसाने खेळाचे नियम केले. दोन-तीन नाही, चांगले सात. टेलरबाईंकडून दोनदा म्हणवून घेतले.

नऊ-नऊ अशी बरोबरी झाली, तेव्हा टेलरबाई म्हणाल्या, "आता माझं." लगेच वाजलंही. सरांनी मान उंचावून पाहिलं. बाईंनी सुईचा हात हळूच वाकवला होता. हात वाकला की नळी दबते आणि मशीन कोकलतं.

"कॉपी!" सर गरजले. "सिस्टर, यांनी हात वाकवला! नियम तिसरा!"

"वाकवला नाही हो, कोपराला खाज सुटली होती."

"पस्तीस वर्षं हेच ऐकत आलोय मी!"

सिस्टरने दोघांनाही झापलं. आरडाओरडा ऐकून मुलगी घाबरून आत आली. कित्येक महिन्यांनी तिच्या वडिलांच्या चेहऱ्यावर रंग होता, आणि तो निव्वळ संतापाचा होता.

निघताना तिने कसंबसं विचारलं, "बाबा, परवाची गाडी... रद्द करू?"

"रद्द?" ढ विद्यार्थ्याकडे पाहावं तसं सरांनी तिच्याकडे पाहिलं. "अर्धा तास आधी बोलाव. मधल्या पलंगावरून सगळी मशीनं दिसतात. त्या बाई आधी पोचल्या, तर संपलंच सगळं."