हात मोजण्याआधी

"नव्या मच्छीमार सोसायटीत बायकांना मत असावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," हिराजी नाखवाने पुकारलं. देवळाच्या मंडपात पुरुषांचे मोजकेच हात वर झाले. पण मागे रिकाम्या टोपल्यांशेजारी बसलेल्या बायकांनी मात्र झाडून सगळ्यांनी हात वर केले.

"तुमचे कसे मोजू, चांगुणा?" हिराजी हसत म्हणाला. "आधी नियम होऊ दे. मग तुमचेही मोजू."

चांगुणाने हात तसाच ठेवला. मनगटाला सकाळच्या बाजारातले खवले अजून चिकटलेले होते. "बरं नाखवा, मग एवढंच सांगा. तुमचे हात मोजायचे, हा नियम कधी झाला?"

हिराजीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. बापजाद्यांपासून चालत आलंय म्हणावं, तर बापजाद्यांच्या वेळी सोसायटीच नव्हती. सरकारकडे बोट दाखवावं, तर तिथला साहेब सांगून गेला होता, तुमचे नियम तुम्हीच ठरवा. जितकं खोल जावं तितकी पायाखाली नुसती वाळू.

"नियम अजून एकही झालेला नाय," तो अखेर म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हलकं वाटलं. "म्हणजे इथं जमलेत ते सगळे सारखेच. सरका रे, बायकांना पुढं येऊ द्या. पुन्हा विचारतो, सगळ्यांना."

भराभर हात वर झाले. चांगुणाला हात वर करावा लागला नाही. तिचा मघापासून खाली आलाच नव्हता.