निसर्गाचा मध्य

मंडलकलेचे, म्हणजे मध्यबिंदूभोवती गोल नक्षी काढायला शिकवणारे, सर वर्गात आले की आधी आपल्या टेबलावरून हात फिरवत. झाडाचा बुंधा आडवा कापून काढलेली भलीमोठी चकती होती ती. "मी रोज याच्याकडे बघून प्रेरणा घेतो," असं सांगत आणि लगेच त्यावर कंपासपेटी, मोबाइल, कॉफीचा मग मांडून टेबल पार झाकून टाकत.

नातीने हौसेने नाव घातलं म्हणून येणारे सुतारकाका मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसत. चाळीस वर्षं करवत चालवलेला माणूस, रिकामं टेबल दिसलं की बघत राही.

आज विषय होता 'निसर्गातलं मंडल'. बाकीच्यांनी मोबाइलवर बघून कमळं उतरवली. काकांनी खोडातली वर्तुळं काढली, एकात एक, पण मध्य एका कडेला सरकलेला.

सरांनी तो कागद चिमटीत धरून वर्गाला दाखवला. "काका, रंधा मारणं वेगळं आणि कला वेगळी. निसर्ग कधी मध्य चुकवत नाही. हे काही प्रदर्शनात लागणार नाही."

काका उठले. त्यांनी टेबलावरचा पसारा बाजूला केला आणि कागद तिथे ठेवला. लाकडातली वर्तुळं आणि कागदावरची वर्तुळं रेघ न् रेघ सारखी होती. मध्यही तिथेच, कडेला.

सर बराच वेळ वाकून बघत राहिले.



"म्हणजे टेबलवाल्याने खराब माल गळ्यात मारला म्हणायचा माझ्या."