नऊ नंबरची बस

शाळेच्या खर्चासाठी घरपट्टी वाढवायची की नाही, यावर मतदान होतं. हार्लनने अख्खं गाव पिंजून काढलं. दार वाजवायचा आणि म्हणायचा, "आपली पोरं कधीच शिकून गेली. आता आपण का भरायचं?" वाढ नामंजूर झाली. शाळेने मग मुलांच्या बस बंद करून लिलावात काढल्या. नऊ नंबरची हार्लननेच घेतली, भंगाराच्या भावात.

"घर विकलं. आता बसमध्येच राहायचं, वाटेल तिकडे फिरायचं," त्याने लेकीला सांगितलं. "घरच नाही म्हटल्यावर घरपट्टी कुणाकडून घेतील?"

"तुमचं डोकं भारीच चालतं, बाबा," जोलीन म्हणाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीभर तो खपला. बाकं उपटली, पलंग आणि स्टोव्ह बसवला. खासगी गाडीला शाळेचा पिवळा रंग चालत नाही, म्हणून बस हिरवी रंगवली. तो निघाला त्याच सकाळी शाळा उघडणार होती. जोलीन लहानग्या टेसाला घेऊन रस्त्यातच उभी राहिली.

"शाळा अकरा मैल लांब, आणि माझी शिफ्ट सहाला सुरू होते. आजच्या दिवस नातीला सोडता का?"

त्या आजच्या दिवसाला आता तीन महिने झाले. वाटेतली आणखी सात पोरंही पलंगावर दाटीवाटीने बसतात. काल वळणावर टेसा घसरून खाली आपटली.

"आजोबा, आमची नऊ नंबरची बस हिच्यापेक्षा बरी होती," ती गुडघा चोळत म्हणाली. "तिला बाकं होती. ती कुणी नेली हो?"