परवानेदाराच्या हाती

धाकूने आजारी बापाला पाठुंगळी घेऊन मंडणगडची वाट धरली. बापाच्या हातात ठासणीची बंदूक होती. परवानेदाराने बंदूक घेऊन कचेरीत जातीने हजर व्हावं, नाहीतर ती सरकारजमा, असं गोऱ्या साहेबाचं फर्मान. आणि बंदूक गेली की शेत रानडुकरांचं. वाटेत नळी धाकूच्या कानशिलावर आपटायला लागली. “बा, बंदूक मी घेतो.” “हात लावू नको!” बाप खेकसला. “परवाना माझ्या नावाचा हाय. शेजारचा भिकाजी भावाची बंदूक नेताना धरला, अजून सुटला नाय.” कचेरीची कौलं दिसली, तोच बंदूक खाली पडली. धाकूने हाक मारली, बापाने ओ दिली नाही. त्याला जांभ्या दगडावर टेकवून छातीला कान लावला. मग आजूबाजूला बघून मुंडासं सोडलं, बंदूक बापाच्या हातांना घट्ट बांधली आणि त्याला पुन्हा पाठीवर घेतलं. रडायचं ते साहेबापुढे बंदुकीची हजेरी लागल्यावर.