झडपेच्या अलीकडे

"भोंगाकाकांना बोलायला उभं करू नकोस," थोरलीनं भावाच्या कानात सांगितलं.

"का? बाबांच्या जहाजावरचे तेवढे एकच उरलेत. लोक त्यांच्यासाठी थांबलेत."

शोकसभेला सभागृह भरलं होतं. समोर नौदलाच्या गणवेशातला बाबांचा फोटो, पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसलेली आई.

शेजारी म्हणाले, असा सरळ माणूस होणे नाही. भावानं लहानपणी खाल्लेल्या माराचे किस्से सांगून हशा पिकवला. "ताईवर मात्र कधी आवाजही चढवला नाही त्यांनी. लाडोबा!"

ती कसनुसं हसली. दवाखान्यातली ती दुपार तिच्या डोक्यातून जात नव्हती. बाबांनी तिचा हात घट्ट धरला होता. "इंजिनखोलीत पाणी शिरलं. माझा मित्र खाली अडकला. वरची लोखंडी झडप लावायचा हुकूम झाला. मी लावली. तो आतून ठोकत होता, पोरी." मग त्यांना दम लागला. "आईला कळता कामा नये. पण तुला..." वाक्य पुरं झालंच नाही.

भोंगाकाका स्वतःहूनच उठले. माइक त्यांनी बाजूला सारला. त्यांना कधी लागलाच नव्हता.

"आज मी जिवंत आहे तो याच्यामुळे. त्या दिवशी यानं झडप लावली नसती, तर आम्ही सगळे तळाला गेलो असतो. आत कोण आहे हे माहीत असून लावली यानं—"

"काका, चहा निवतोय!" थोरली ओरडलीच.

"निवू दे."

आई उठली आणि शांतपणे बाहेर व्हरांड्यात गेली. थोरली तिच्यामागे धावली.

"आई, मनावर घेऊ नकोस. वय झालंय त्यांचं, काहीही बरळतात."

"बरळत नाहीत. मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. या भोंगाभाऊजींनीच सांगितलं होतं."

"आणि तू बाबांना बोलली नाहीस? जन्मभर कुढले ते!"

"बोलले असते तर पुन्हा मला तोंड दाखवलं नसतं त्यांनी. जहाजावरून परतल्यावर उभे राहिले होते दारात, टोपी हातात घेऊन. एक शब्द फुटत नव्हता."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. किती वर्षं त्यांच्याकडे पाठ करून झोपायचे मी." आईनं कठड्यावर हात टेकले. "मग कधीतरी कूस बदलली."

आतून टाळ्यांचा आवाज आला.

"आई, त्या झडपेच्या आत कोण होतं?"

"माझा नवरा," आई म्हणाली. "तू तेव्हा पोटात होतीस."