बॅगा कोण सांभाळणार?

"ताई, नमस्कार करते!" म्हणत आजी मंगल कार्यालयाच्या दारातच वाकली. समोरून तिची चुलतबहीण शेवंताआजी त्याच वेगाने वाकली. "वा गं वा! ताई तू! नमस्कार मी करणार!"

आणि टक्! दोघींची डोकी आपटली.

त्याचं असंय, आमच्यात हळदीच्या वेळी घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला खोलीत बसवतात, बॅगा आणि दागिने सांभाळायला. बाकीच्या नाचतात. ह्या दोघी जन्मल्या एकाच वर्षी, आणि आधी कोण हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. म्हणून जी आधी पाया पडेल ती धाकटी! आजी तर महिनाभर माझ्याकडून रोज स्टेप्स शिकलीय. तिच्याबरोबर माझीसुद्धा इज्जत पणाला लागली होती.

पण दोघी वाकल्या त्या वाकल्याच. कंबरच धरली! मी धावले.

"आधी हिला उठव बाई," आजी खालूनच म्हणाली, "म्हातारं माणूस आहे."

"मला काय धाड भरलीय? मी लहान आहे, थांबेन!" शेवंताआजी कण्हत म्हणाली.

तिकडे ढोल सुरू झाला. मी दोघींना एकदमच उभं केलं आणि वैतागून ओरडले, "जा दोघी नाचायला! बॅगा मी सांभाळते!"

दोघींच्या कंबरा क्षणात सरळ झाल्या. जाता जाता त्यांनी माझ्यापुढे, म्हणजे नववीतल्या मुलीपुढे, हात जोडले.

"येतो हं, ताई!"