हिरवं पाणी

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका लहानशा गावात ग्लेनिस आरोग्य मंडळाची अध्यक्षा होती. भर सभेत तिनं शेजारच्या म्हाताऱ्या अर्मांडला सुनावलं, "तुमच्या अंगणात मैलापाणी वर येतंय, नाक धरून जावं लागतं. महिन्याभरात सेप्टिक टँक नवा बसवा, नाहीतर घराला कुलूप लागेल." लोक हसले. अर्मांड "बरं" एवढंच म्हणाला.

नियमाप्रमाणे निरीक्षकानं शेजारची घरंही तपासली. कुणाची टाकी गळतेय ते कळावं म्हणून अर्मांडच्या संडासात त्यानं लाल रंग ओतला, ग्लेनिसच्या संडासात हिरवा. दुसऱ्या दिवशी अर्मांडच्या अंगणात हिरवंगार पाणी वर आलं.

ग्लेनिस त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत होईना.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोन वर्षं झाली. वास मारायला मी आपला वरून चुना टाकत राहिलो."

"मग बोलला का नाहीत? सभेत तरी बोलायचं!"

अर्मांडनं दार पुरतं उघडलं.

"तुझा नवरा अंथरुणाला खिळलाय, पोरी. तुमचंच घर बंद केलं असतं, तर त्याला घेऊन कुठं गेली असतीस?"